जमावापुढचा एकटा

बऱ्हाणपूरच्या राजघाटावर शब्दाला चेहरा असतो. बोलणारा दिसतो आणि ज्याला बोलले तोही दिसतो. पायऱ्यांवर जागेवरून, कपड्यांवरून, जुन्या देण्याघेण्यावरून भांडणे लागतात. ती मराठीत सुरू होतात आणि हिंदीत संपतात. आवाज चढतो. मग एक जण बादली उचलून पायऱ्या चढू लागतो आणि भांडण विरते. निघून जाता येणे हा भांडणातला शेवटचा आधार आहे.

फोनवरच्या शिवीला हा शेवट नाही. ती घरात येते, जेवताना शेजारी असते, रात्री उशाशी असते. एकाने दिलेली शिवी शंभर जण उचलतात आणि शंभरांपैकी कोणालाही आपण काही केले असे वाटत नाही. ज्याला निघून जायला वाट उरलेली नाही, त्याच्याशी कोणी भांडत नसते. त्याला घेरलेले असते.

घाटाला लागून उभ्या असलेल्या या शहराला शब्दांच्या शेजाराची सवय जुनी आहे. बऱ्हाणपूरचे नाव खुलताबादच्या शेख बुऱ्हानुद्दीनांवरून पडले. तापीपलीकडचे जैनाबाद त्यांच्या शिष्याच्या, जैनुद्दीनांच्या नावाने वसले. जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर एक संस्कृत लेखही आहे. फारुकी राजांची वंशावळ सांगणारा हा लेख १५९० च्या सुमारास कोरला गेला. मशीद कोणी बांधली आणि केव्हा, हे त्यात लिहिलेले आहे. दगडावर लिहिणाऱ्याला आपला शब्द मागे घेता येत नाही. म्हणून तो लिहिण्याआधी थांबतो.

याच जिल्ह्यातल्या मोहद गावात जून २०१७ मध्ये कोणी थांबले नाही. १८ तारखेला लंडनच्या ओव्हल मैदानावर भारत पाकिस्तानकडून १८० धावांनी हरला. गावात फटाके फुटले, घोषणा झाल्या, असा आरोप ठेवून पोलिसांनी पंधरा मुसलमानांना पकडले. बहुतेक मजुरीवर जगणारे. कलम राजद्रोहाचे लागले. काही दिवसांतच ते मागे घ्यावे लागले आणि त्याच्या जागी दोन समाजांत तेढ लावल्याचे १५३अ आले. ज्या शेजाऱ्याच्या नावावर फिर्याद होती, त्यानेच सांगितले की ती आपण दिलेली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. त्यांतल्या एकाने २०१९ मध्येच जीव दिला होता.

आरोपींच्या तोंडी न बोललेला शब्द घातला गेला. फिर्यादीच्या तोंडीही न बोललेलाच घातला गेला. या सगळ्यात खरी होती ती कोठडी.

माणसाचे बोलणे हिरावून घेता येते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या नावावर बोलणे चढवताही येते, हे मोहदने दाखवले. दुसरा अन्याय अधिक खोल जातो. गप्प केलेल्या माणसाजवळ त्याचे मौन तरी उरते.

पालघरचे प्रकरण याच्या पाच वर्षे आधीचे. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर त्या बंदविषयी चार ओळी लिहिल्या. मैत्रिणीने त्यांना पसंती दिली. १९ तारखेला दोघींना अटक झाली. लिहिणारीच्या काकांचा दवाखाना फोडला गेला. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ होते. एखाद्याला चीड येईल किंवा गैरसोय होईल असे काही पाठवणे हाही त्याखाली गुन्हा होता आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची होती.

लिहिणारीचे नाव तिच्या ओळींवर होते. दवाखाना फोडणारे जमाव म्हणून आले.

बोलण्याचे स्वातंत्र्य आणि त्रासापासून संरक्षण या दोन गोष्टी एकमेकींसमोर उभ्या करण्याची सवय जडली आहे. एक वाढली की दुसरी घटते, असे धरून चालले जाते. पालघरकडे पाहिले की हे पटत नाही. त्या मुलीला लिहिण्याचा हक्क हवा होता आणि जमावापासून संरक्षणही हवे होते. दोन्ही एकाच दिवशी, एकाच घरात. आणि दोन्ही नाकारले गेले ते एकाच ठाण्यात.

हक्क एकट्याला लागतो. जमावाला तो मागावा लागत नाही. एकट्याला बोलू देणे आणि एकट्याला घेरू न देणे ही एकाच न्यायाची दोन कामे आहेत. ज्या राज्याला यांतले एक जमत नाही, त्याला दुसरेही जमत नाही.

गोंधळ दुसरीकडे आहे. दुखावलेली भावना आणि घेरलेला माणूस यांना एकाच वहीत लिहिले जाते. भावना दुखावली तरी माणूस दुसऱ्या दिवशी कामाला जातो. घेरलेली बाई जात नाही. तिचा पत्ता कोणीतरी पसरवलेला असतो. तिच्या मुलीची शाळा कोणीतरी सांगितलेली असते. भावना मोठ्या समूहाची असते, म्हणून ती मोठी वाटते. धोका एकीलाच असतो, म्हणून तो लहान वाटतो.

जुलै २०२१ मध्ये एका ॲपवर ऐंशीहून अधिक मुसलमान स्त्रियांची छायाचित्रे लिलावाच्या नावाखाली मांडली गेली. त्यांत पत्रकार होत्या, वकील होत्या, विद्यार्थिनी होत्या. ॲपचे नावच शिवी होते. ते इथे लिहीत नाही. दिल्लीत गुन्हा नोंदला गेला, पण अटक झाली नाही. १ जानेवारी २०२२ ला तसेच दुसरे ॲप निघाले. मुंबईच्या सायबर पोलिसांनी त्यात काही दिवसांत माणसे पकडली. त्यानंतर पहिल्या ॲपचा तपास हलला आणि एक तरुण इंदूरमधून पकडला गेला. मध्ये सहा महिने गेले होते.

बंदविषयीच्या चार ओळींना अटक दुसऱ्या दिवशी मिळाली. ऐंशी स्त्रियांच्या लिलावाला सहा महिन्यांनी. तत्परता कमी होती असे म्हणता येत नाही. ती कोणासाठी होती, एवढाच प्रश्न आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ६६अ रद्द केले. याचिका श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीची होती आणि तिच्यामागे पालघर होते. चर्चा वेगळी, एखाद्या मताचा पुरस्कार वेगळा आणि चिथावणी वेगळी, ही रेघ त्या निकालात आहे. पहिल्या दोन कितीही झोंबल्या तरी त्यांना हात लावायचा नाही. राज्याचा हात तिसरीपाशी पोहोचू शकतो. रेघ स्वच्छ आहे. तरीही रद्द झालेल्या कलमाखाली गुन्हे नोंदले जात राहिले आणि ते थांबवण्याचा आदेश ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा द्यावा लागला. कायदा पुस्तकातून जातो तेव्हा तो सवयीतून गेलेला नसतो.

या गोष्टी महाराष्ट्राला नवीन नाहीत. गोपाळ गणेश आगरकर दोन्ही टोकांना उभे राहिले होते. १८८२ मध्ये कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी आरोप केले. ज्या पत्रांवर ते आधारलेले होते ती बनावट ठरली. टिळक आणि आगरकर यांनी माफी मागितली, तरी शिक्षा झाली. दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढले. बदनाम झालेल्या माणसाला दाद मिळाली, कारण लिहिणारे नावानिशी उभे होते. त्या शिक्षेने त्यांची लेखणी थांबली नाही. आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढले.

पुढे त्याच आगरकरांची, ते जिवंत असताना, पुण्यात प्रेतयात्रा निघाली. ती पाहायला ते होते, त्यांच्या घरची माणसे होती. तिरडी उचलणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. चुकीच्या आरोपाला कायद्यात उत्तर होते. जिवंत माणसाच्या तिरडीला नव्हते. १८९५ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, आगरकर गेले.

आज अशी यात्रा रोज निघते. फरक एवढाच की तिरडीला खांदा द्यावा लागत नाही. सावित्रीबाईंवर शेण फेकणाऱ्याला ते हातात घ्यावे लागत होते. दुष्टपणाला पूर्वी श्रम पडत. श्रमामुळे कोणी सज्जन होत नसे. पण काही जण तेवढ्यानेच घरी बसत असतील.

नाव लावण्याची सक्ती करावी, असे काही जण सुचवतात. उपाय सोपा दिसतो. पण टोपणनाव हे दुबळ्याचेही घर आहे. लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये शतपत्रे लिहिली ती टोपणनावानेच. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते आणि ज्यांच्यावर ते कोरडे ओढत होते ते त्यांचेच लोक होते. नाव मागितले असते तर पत्रे कदाचित लिहिली गेली नसती. आजही वरिष्ठाविरुद्ध लिहिणारी परिचारिका, जातीविरुद्ध लिहिणारा खेड्यातला मुलगा, सासरविरुद्ध लिहिणारी सून दुसऱ्या नावाआड उभी असते. ते नाव काढून घेतले की आधी ही माणसे गप्प होतील. धमक्या देणारे नावानिशीही देतात.

पण ‘प्रभाकर’ला संपादक भाऊ महाजन होते. लेखकाचे नाव झाकलेले असले तरी छापणाऱ्याचे उघडे होते. पत्र छापले की ते त्यांचे झाले. नाव दडवायला हरकत नसावी. जबाबदारी कोठेतरी उघडी असावी. आजच्या कंपन्या शब्द पसरवून पैसा मिळवतात आणि शब्द आपला नव्हे म्हणतात. २०२१ च्या नियमांनी त्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमायला लावला. कोणाचे नग्न किंवा बनावट केलेले छायाचित्र पसरले, तर तिच्या तक्रारीनंतर चोवीस तासांत ते काढण्याचे बंधन घातले. त्या नियमांतल्या इतर पुष्कळ तरतुदींवर वाद आहे आणि तो असावा. सरकारला नको असलेला मजकूर काढण्याची वाट त्यांतून रुंद होते. पण हे एक बंधन योग्य आहे. ते एकटीने मागायचे आहे आणि एकटीसाठी आहे.

सभ्य भाषेचा आग्रह धरला म्हणजे माणूस सुरक्षित होतो, हा आणखी एक समज आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात पाच जणांना ठेचून मारले गेले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, मंगळवेढ्याकडून पोटासाठी फिरत आलेले. मुले पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश फोनवरून फिरत होते. अशा संदेशात शिवी नसते. त्यात काळजी असते, मुलांना सांभाळा अशी विनंती असते. लोकांनी काळजीने तो पुढे पाठवला आणि काळजीनेच माणसे मारली.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. कोणाचे तोंड त्यामुळे बंद झाले नाही. एकही मत बेकायदा ठरले नाही. हात फक्त सावकाश झाला. पाच जीव जाण्याआधी ते करता आले असते. बोलण्यावर बंधन घालायला राज्ये उतावीळ असतात. पसरण्याच्या वेगावर बंधन घालायचे तर धंदा आडवा येतो, म्हणून ते उशिरा सुचते.

आणि जो चिथावतो त्याचे काय? त्याला स्वातंत्र्याची ढाल देता येत नाही. जून २०१४ मध्ये पुण्याच्या हडपसर भागात सोलापूरचा एक तरुण मारला गेला. कोणीतरी फेसबुकवर थोर व्यक्तींची विटंबना केली होती. त्याचा तिच्याशी काहीही संबंध नव्हता. त्याची दाढी आणि टोपी जमावाला पुरेशी वाटली. कोण्या एका समूहाला माणसांतून उठवणारा शब्द रोज बोलला जातो, तेव्हा कोणाला तरी अशा रस्त्यावर एकटे गाठण्याची ती तयारी असते. हा शब्द मत म्हणून मोजू नये. तो मोजताना बोलणारा किती मोठा आहे तेही पाहावे. मोठ्या माणसाच्या अशा शब्दाला कलम क्वचितच लागते. मोहदच्या मजुरांना ते एका रात्रीत लागले.

लिहिणे सोडलेली माणसे मोजली जात नाहीत. त्यांचा खटला होत नाही, निकाल लागत नाही. तापीकाठच्या एका बाई फार चांगले लिहीत असत. आता लिहीत नाहीत. कारण विचारले की त्या वेळ नसल्याचे सांगतात. ते खरे नाही आणि पुढे विचारण्याचा अधिकार कोणाला नाही. सरकारने बंदी घातलेल्या पुस्तकाची बातमी होते. भीतीने न लिहिलेल्या पुस्तकाची होत नाही. बोलण्याच्या स्वातंत्र्याची काळजी असणाऱ्यांनी ही दुसरी यादीही आपलीच मानली पाहिजे.

धमकीची तक्रार घेऊन बाई ठाण्यात जाते, तेव्हा तिला पहिला प्रश्न येतो की असे लिहिले कशाला. दुसरा सल्ला खाते बंद करण्याचा असतो. हा प्रश्न आणि हा सल्ला बंद व्हावा. धमकी कोणी दिली, एवढेच विचारावे. तक्रार त्याच दिवशी नोंदावी आणि तिची एक प्रत तिच्या हातात द्यावी. बऱ्हाणपूरला, पालघरला, प्रत्येक ठाण्यात.