पहिली सही

परभणीतल्या आमच्या गल्लीत मोबाइल टॉवर नको, या अर्जावर पहिली सही माझी. 'रेडिएशनमुळे चिमण्या गेल्या' हे वाक्यही माझंच. पण अर्ज लिहायला बसलो कधी? टॉवरवाल्यांनी आधी माझी गच्ची पाहिली होती. ती सोडून त्यांनी शेजारच्या अण्णांची घेतली, भाडं त्यांना ठरलं, त्याच आठवड्यात. गच्ची माझी ठरली असती, तर चिमण्या आठवल्या असत्या?

अर्जाला वजन यावं म्हणून कात्रणं जमवली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०११ साली मोबाइलच्या रेडिओ लहरी 'कदाचित कर्करोगकारक' अशा २-ब गटात टाकल्या, त्याखाली लाल रेघ ओढली. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे, ते गाळलं. २०१२ साली आपल्याकडं टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली होती, तेही गाळलं. २०१४ चा जर्मनीतला प्रयोग मात्र मिरवला: क्षीण विद्युत-चुंबकीय गोंगाटात रॉबिन पक्ष्यांना दिशा कळेना. तो गोंगाट मध्यम लहरींच्या आसपासच्या पट्ट्यातला, जिथं परभणी आकाशवाणी लागायची, १३०५ किलोहर्ट्झवर. मोबाइलच्या लहरी त्याच्या शेकडो पट वर. हे वाचलं होतं. तरी कात्रण जोडलंच.

मग चिमण्या गेल्या कुठं? आमच्या माळवदाच्या किलचणात त्यांची घरटी होती. ते माळवद मीच पाडलं. स्लॅब टाकला, खिडक्यांना जाळ्या ठोकल्या. आई अंगणात धान्य पाखडायची. आता पाकिटातून पीठ येतं.

आणि सही केली त्या रात्री पुण्यातल्या लेकीशी तासभर बोललो, फोन कानाला चिकटवून. टॉवर लांब गेला की हाच फोन जास्त जोर लावतो, हे अर्जात कुठं होतं?

म्हणून या लहरी निर्धोक म्हणू? तेही धजवत नाही. ज्या लहरींनी अंग तापत नाही त्यांनी पाखराची दिशा चुकते, तर 'तापत नाही म्हणजे काही होत नाही' एवढ्यावर कसं थांबायचं? मोबाइलच्या लहरींबद्दल हे शांतपणे विचारायला हवं होतं. मी भाड्याच्या पोटदुखीतून विचारलं.

परवा अण्णांनी जिन्यात गाठलं. "अर्जाचं काय झालं हो?"

"बघू," म्हणालो, आणि खिशातला फोन वाजल्यासारखं करून वर आलो.