पलटण तीच, की दुसरी?

ईस्ट इंडिया कंपनीने 1768 मध्ये मुंबई इलाख्यात उभारलेली आणि आज मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन असलेली ‘जंगी पलटण’ अडीचशे वर्षे टिकून आहे असे म्हटले जाते, तेव्हा नेमके काय टिकलेले असते, हा प्रश्न लष्करी इतिहासाइतकाच तत्त्वज्ञानाचाही आहे. शिपाई बदलले, आणि त्यांची शपथही आधी कंपनीशी, मग ब्रिटिश राजसत्तेशी व शेवटी भारतीय प्रजासत्ताकाशी बांधलेली राहिली. 29 एप्रिल 1916 रोजी, सुमारे पाच महिन्यांच्या वेढ्यात उपासमारीने खंगलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनने इराकमधील कुत येथे तुर्कांपुढे शरणागती पत्करली, तेव्हा 103वी मराठा लाइट इन्फंट्री या नावाने हीच पलटण कैदेत गेली. आणि तरीही 9 एप्रिल 1945 रोजी इटलीतील सेनिओ नदीवर दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून सुखरूप नेऊन, मग शत्रूची मशीनगन ठाणी उद्ध्वस्त करणारे नामदेव जाधव त्याच पलटणीचे मानले जातात.

असाच पेच ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात येतो. तिथे भिक्खू नागसेन ग्रीक वंशाच्या मिलिंद राजाला दाखवून देतो की चाक, आस वा जू यांपैकी काहीही रथ नसते आणि त्यांच्यावेगळाही रथ सापडत नाही. ‘रथ’ ही केवळ प्रज्ञप्ती, म्हणजे व्यवहारापुरती संज्ञा असते. पण केवळ संज्ञा आहे म्हणून जबाबदारी सुटत नाही. आंबे चोरणारा ‘धन्याने लावला तो आंबा वेगळा आणि मी नेला तो वेगळा’ असे म्हणाला तरी दंडास पात्रच ठरतो, कारण नेलेले फळ लावलेल्या आंब्यापासूनच आलेले असते, असे नागसेन सांगतो. एकातून दुसरे उपजत जाणाऱ्या अशा अखंड प्रवाहाला बौद्ध परिभाषेत संतती म्हणतात.

हा युक्तिवाद पलटणीला लावला की कुतच्या सोशिकतेसोबत दुसऱ्या इंग्रज-शीख युद्धात कंपनीसाठी घातलेला 1848-49 चा मुलतानचा वेढाही तिच्याच खाती येतो. भारतीय सत्तांविरुद्ध मिळालेले युद्धसन्मान, म्हणजे लढाईतील कामगिरीबद्दल तुकडीला बहाल केलेली नावे, स्वतंत्र भारताच्या लष्कराने साजरे करण्यास वर्ज्य ठरवले, हे योग्यच झाले. मात्र सोहळा थांबल्याने प्रवाह तुटत नाही. अर्थात दृष्टांत इथे ताणला जातो, कारण बुद्धमताने कर्म म्हणजे चेतना, हेतुपूर्वक केलेला संकल्प, आणि मुलतानवर चालून जाण्याचा संकल्प शिपायांचा नव्हता. म्हणून नव्या रंगरुटावर मुलतानचा दोष येत नाही. परंतु नामदेव जाधवांच्या शौर्याचा वारसा त्याला ज्या नात्याने मिळतो, त्याच नात्याने मुलतानची आठवणही त्याच्याकडे येते, आणि पलटणीच्या इतिहासात ती त्याला शिकवली गेली पाहिजे.