न देण्याचा दोष

एखादी गोष्ट करून हानि झाली तर करणारा अपराधी ठरतो. न करून झाली तर तिचें खापर सहसा दैवावर फुटतें. आपल्या नित्याच्या नीतिविचारांत ही समजूत इतकी खोल रुजलेली आहे कीं, तिची कोणी चौकशीहि करीत नाहीं. वैद्याचें औषध बाधलें म्हणजे आपण त्याला जाब विचारतों. पण त्यानें सांगितलेल्या पथ्यानें रोगी खंगला तर 'पथ्य जरा कडकच होतें' एवढें म्हणून गप्प बसतों. विधीला प्रमाण लागतें, निषेधाला लागत नाहीं, अशीच जणूं आपली धारणा आहे. ही धारणा किती महाग पडूं शकते याचें एक उदाहरण अलीकडच्या वैद्यकांत घडलें आहे, आणि तें एका क्षुल्लक वस्तूचें, म्हणजे शेंगदाण्याचें आहे.

आपल्याकडे दाण्याच्या कुटावांचून स्वयंपाक अडतो, आणि उपवासाच्या दिवशीं तर घरेंच्या घरें या दाण्यावर तरतात. त्यामुळें हाच दाणा कोणाला विषासारखा होतो हें आपल्याला चटकन् पटत नाहीं. परंतु इंग्लंड-अमेरिकेंत पुष्कळ मुलांच्या बाबतींत तसें होतें. दाण्याचा कण पोटांत जातांच ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, घसा आवळतो, श्वास कोंडतो, आणि वेळींच उपाय न झाल्यास मृत्यूहि ओढवतो. यांत दाण्याचा अपराध कांहीं नाहीं. रोगजंतूंशीं झुंजण्यासाठीं असलेली शरीराची रक्षणशक्ति निरुपद्रवी पाहुण्यालाच शत्रु समजून त्याच्यावर तुटून पडते, आणि त्या धुमश्चक्रींत घराचीच राखरांगोळी होते. १९०६ सालीं व्हिएन्ना येथील डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनीं शरीराच्या या पालटलेल्या वृत्तीला 'अ‍ॅलर्जी' हें नांव दिलें.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हा विकार पाश्चात्य देशांत चिंतेचा विषय झाला, तेव्हां तेथील अधिकारी मंडळांना कांहीं तरी सांगणें भाग पडलें. ब्रिटनमध्यें १९९८ सालीं व अमेरिकेंत २००० सालीं असा सल्ला देण्यांत आला कीं, ज्या मुलांना असल्या विकारांचा विशेष धोका आहे त्यांना तीन वर्षें पुरीं होईपर्यंत शेंगदाणा देऊं नये. ज्यानें अपाय होतो तें कोवळ्या जिवापासून दूर ठेवावें, यापेक्षां अधिक सरळ विचार कोणता? अनेक आयांनीं तो सल्ला मनोभावें पाळला. पण विकार हटला नाहीं. शेवटीं अमेरिकेनें २००८ सालीं व ब्रिटननें २००९ सालीं तो मागें घेतला, कारण त्याला पुरेसें प्रमाणच नव्हतें.

त्याच २००८ सालीं लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील प्राध्यापक गिडियन लॅक व त्यांचे सहकारी यांनीं एक तुलना प्रसिद्ध केली. ब्रिटनमधील ज्यू मुलांत हा विकार हजारीं सुमारें अठरांना, तर इस्राएलमधील ज्यू मुलांत हजारीं दोघांनाहि नाहीं. मुलें एकाच समाजाचीं, तेव्हां केवळ रक्ताकडे बोट दाखवून भागण्यासारखें नव्हतें. भेद होता तो खाण्यांत. इस्राएलमध्यें दांत येण्याच्या वयांतच मुलांच्या हातीं 'बांबा' नांवाचा, शेंगदाणा घातलेला, तोंडांत विरघळणारा खाऊ पडतो.

पण तुलना म्हणजे प्रमाण नव्हे. म्हणून लॅक यांनीं चार ते अकरा महिन्यांच्या दरम्यानचीं ६४० अर्भकें निवडलीं. तींहि धडधाकट नव्हेत, तर ज्यांना तीव्र इसब होता किंवा अंडें बाधत होतें अशीं. त्वचेच्या चांचणींत ज्यांची प्रतिक्रिया फार मोठी आली त्यांना आधींच वगळलें होतें. मग चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें त्यांचे दोन गट केले. एका गटाला आठवड्यांतून निदान तीनदां शेंगदाण्याचे पदार्थ खाऊं घातले. दुसऱ्यानें पांच वर्षांचें होईपर्यंत ते वर्ज्य करावयाचे होते. २०१५ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. वर्ज्य करणाऱ्यांत शेंकडा १७ मुलांना विकार जडला होता, खाणाऱ्यांत शेंकडा ३ मुलांना.

अर्भकांच्या जिवाशीं चिठ्ठ्या कशा टाकाव्या, असा आक्षेप सहृदय मनुष्याला सुचेल. मला मात्र उलट वाटतें. अज्ञान दोन्हीं ठिकाणीं होतें. सल्ल्यानें तें ज्ञानाचा पोशाख चढवून घरोघर पाठविलें. प्रयोगानें तें उघड्यावर मांडून आईबापांची संमति मागितली. त्या सल्ल्याच्या काळांत असंख्य मुलांवर प्रयोग झालाच होता. मात्र त्याला कोणी प्रयोग म्हटलें नाहीं, आणि त्याचा हिशेब ठेवण्याची जबाबदारीहि कोणाला वाटली नाहीं.

असें कां व्हावें, हेंहि पाहण्यासारखें आहे. अन्न ही मुळांतच परकी वस्तु. दिवसांतून तीनदां आपण परक्याला घरांत घेतों, आणि शरीर त्याच्याशीं लढत नाहीं. शास्त्रांत याला 'सहिष्णुता' म्हणतात. ती दुर्बलता नव्हे. लढणाऱ्या पेशींना आवर घालणाऱ्या निराळ्या पेशी शरीरांत असतात. जपानच्या शिमोन साकागुची यांनीं १९९५ सालीं त्या दाखवून दिल्या, आणि २०२५ चें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक त्यांना मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह मिळालें. तोंडावाटें आलेल्या वस्तूशीं शरीर बहुधा सलोखा करतें, हें वेल्स व ऑस्बोर्न या अमेरिकन शास्त्रज्ञांना १९११ सालींच गिनिपिगांवरून दिसून आलें होतें. पण तीच वस्तु इसबानें भेगाळलेल्या कातडीवाटें शिरली तर शरीर तिला शत्रु म्हणून ओळखूं लागतें, असें लॅक यांचें प्रतिपादन आहे. शेंगदाण्याच्या तेलाचीं मलमें लावलेल्या मुलांत हा विकार अधिक असल्याचें त्यांनीं २००३ सालीं दाखविलें होतें. घरांतील मोठीं माणसें तर शेंगदाणा खातच असतात. त्याचे कण अंथरुणा-पांघरुणावर बसतातच. म्हणजे आईनें तोंडाचें दार लावून घेतलें, पण कातडीची खिडकी सताड उघडी राहिली, आणि पाहुण्याची पहिली भेट चोरवाटेनें झाली!

आतां मुख्य प्रश्न. ज्या आईनें सल्ला पाळला व जिच्या मुलाला तरीहि विकार जडला, तिच्या दुःखाचा धनी कोण? ती स्वतः नव्हे, हें उघड आहे. पण तिला दुसऱ्या कोणाला जाबहि विचारतां येत नाहीं. वर्ज्य करणाऱ्या सहा मुलांपैकीं पांच सुखरूपच राहिलीं, आणि खाणाऱ्यांतहि थोड्यांना विकार झालाच; तेव्हां 'तुमचें मूल खातें तर वांचलें असतें' असें एखाद्या आईला छातीठोकपणें कोण सांगणार? हानि झाली हें निश्चित. ती कोणाची झाली हें अनिश्चित. आपला नीतिविचार एक मारणारा व एक मरणारा डोळ्यांपुढें ठेवून चालतो. ज्या हानीला चेहरा नाहीं तिच्यापुढें तो गोंधळतो. पण चेहरा नाहीं म्हणून ऋण फिटत नाहीं. गीतेनें कर्म-विकर्मांबरोबर अकर्महि जाणून घेण्यास सांगितलें आहे, तें उगीच नव्हे.

कोणी म्हणेल, सल्ला देणाऱ्यांचा हेतु शुद्ध होता. दारांत मूल कडेवर घेऊन आलेल्या आईला 'आम्हांला ठाऊक नाहीं' हें उत्तर देऊन कसें चालावें? तिला संध्याकाळीं मुलाला भरवावयाचें असतें. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला माझ्याजवळ पुरतें उत्तर नाहीं. परंतु 'देऊं नका' आणि 'द्या अथवा देऊं नका, यांतील कशालाहि आमच्याजवळ आधार नाहीं' या दोन वाक्यांत जें अंतर आहे, तें त्या आईला कळण्याचा हक्क होता. दुसरें वाक्य ऐकून तीहि कदाचित् भिऊन वर्ज्यच करती. पण मग तें तिचें स्वतःचें धाडस किंवा भय ठरलें असतें, शास्त्राची आज्ञा नव्हे.

या हकीकतीवरून दोन उतावीळ निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. एक असा कीं, आमचें उष्टावण सहाव्या महिन्यांत होतें, तेव्हां पूर्वजांना हें सर्व अवगत होतें. त्यांना मुलाला भूक लागते एवढें अवगत होतें, आणि तें पुरेसें होतें. दुसरा असा कीं, मुलांना जितकें उघड्यावर टाकावें तितकीं तीं कणखर होतात. अख्खा दाणा अर्भकाच्या घशांत अडकून जीव जाऊं शकतो, आणि ज्या मुलाची प्रकृति आधींच दाण्याविरुद्ध उठलेली आहे त्याला घरच्या घरीं तो चारून पाहणें हें साहस नव्हे, अविचार आहे.

प्रयोगांतील मुलें आतां मोठीं झालीं आहेत. तीं तेरा वर्षांच्या आसपास असतांना पुन्हां तपासलीं. त्याचा वृत्तांत २०२४ सालीं आला. मधल्या बहुतेक वर्षांत कोणी काय खावें याचें बंधन नव्हतें, तरीहि एका गटांत शेंकडा १५ व दुसऱ्यांत शेंकडा ४ हें अंतर राहिलें होतें. मूळच्या ६४० पैकीं ५०८ जण या तपासणीला आले. आणि त्यांत, ज्यांच्या चिठ्ठींत न खाणें आलें व ज्यांना तें भोंवलें, तींहि मुलें आपापल्या आईबापांबरोबर आलेलीं होतीं.