परत येणारा शोमरोनी



रविवारी सकाळी आपल्या चर्चबाहेरच्या गल्लीत गाड्या कशा लागतात, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. दोनेक वर्षांपूर्वी पावसाळ्यातल्या एका रविवारी प्रवचन चालू असताना बाहेरून सारखा भोंगा ऐकू येऊ लागला. 'मिस्सा चालू आहे, एवढेही कळत नाही का?' असे माझ्या मनात आले. खरे सांगतो, मला राग आला. थोड्या वेळाने एक तरुण घाईघाईने आत आला आणि ध्वनिक्षेपकावरून एका गाडीचा क्रमांक पुकारण्यात आला. तो माझ्याच गाडीचा होता.

बाहेर जाऊन पाहतो तर रुग्णवाहिका उभी. मागच्या वाडीतल्या एका वयस्कर बाईंच्या छातीत दुखू लागले होते आणि त्यांच्या घराकडे जाणारा रस्ता मी अडवला होता. मी गाडी काढेपर्यंत दहा मिनिटे गेली. चालकाने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याचे लक्ष रस्त्याकडे होते. देवाच्या कृपेने त्या बाई वाचल्या.

त्या दिवसापासून चांगल्या शोमरोनीचा दाखला मला वेगळा ऐकू येतो. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवर जखमी माणसाला ओलांडून गेलेले दोघे कोण होते? एक याजक आणि एक लेवी, म्हणजे मंदिरात सेवा करणारी माणसे. मीही त्या सकाळी देवाच्या घरातच होतो. जखमी माणूस दाराशी होता आणि मला त्याच्या हाकेचा त्रास होत होता.

काही दिवसांनी तोच चालक मला एका चहाच्या टपरीवर भेटला. मी त्याची क्षमा मागितली. तो हसून म्हणाला, "काका, हे रोजचंच आहे. गाडीत पेशंट असला की रागवायला वेळ नसतो." मग थोडे थांबून म्हणाला, "एक सांगू का? आम्ही माणसाला दवाखान्याच्या दारात सोडतो. पुढं त्याचं काय झालं ते आम्हाला कधी कळत नाही. सांगायला परत कोणी येत नाही." मी त्याला त्या बाई सुखरूप घरी आल्याचे सांगितले. हातातला ग्लास तसाच धरून तो काही वेळ गप्प राहिला. मग एवढेच म्हणाला, "बरं झालं सांगितलंत."

बंधू-भगिनींनो, 'परत कोणी येत नाही' हे त्याचे शब्द माझ्या मनातून जात नाहीत.

यावर आपल्यापैकी कोणी म्हणेल, "पण त्यात आभार कसले? रुग्णवाहिकेचा चालक, अग्निशमन दलाचा जवान, पोलीस, हे सगळे पगार घेतात. ते त्यांचे कामच आहे." हा प्रश्न चुकीचा नाही. ज्याला कामाचा मोबदला मिळतो, त्याचे आपण आणखी काही देणे लागतो का?

उत्तर त्याच दाखल्यात आहे. शोमरोन्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून त्या माणसाला उतारशाळेत नेले. इथपर्यंत आपल्याला पाठ असते. पण उतारशाळेच्या रखवालदाराकडे आपले लक्ष जात नाही. त्याला दोन दिनार मिळाले. त्या काळी एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे रखवालदाराला दोन दिवसांचा पगार मिळाला. मग हिशेब संपला का? नाही. शोमरोनी म्हणाला की, अधिक खर्च झाला तर मी परत येईन तेव्हा देईन. पैसे देऊन तो मोकळा झाला नाही. त्याने परत येण्याचे वचन दिले.

कारण काही कामे अशी असतात की पगार वेळेचा देता येतो, जिवाचा देता येत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाला आग लागली. त्यात कापसाच्या गाठी होत्या आणि दारूगोळाही होता. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जण त्या स्फोटांत मरण पावले. म्हणूनच १४ एप्रिल हा आपल्या देशात अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीतल्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली आणि इमारत कोसळली. सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई हे चार अधिकारी त्या दुर्घटनेत गेले. नेसरीकर तर मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख होते. कार्यालयात बसून हुकूम देण्याचा त्यांना अधिकार होता, तरी ते आगीपाशी उभे होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ तुकाराम ओंबळे यांनी अतिरेक्याची बंदूक हातांनी धरून ठेवली आणि गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. अशा मरणाची किंमत कुठल्या पगारपत्रकात लिहिलेली असते?

मित्रांसाठी प्राण देण्याहून मोठी प्रीती नाही, असे प्रभू येशूने शिकवले. ही माणसे तर ज्यांचे नावही ठाऊक नाही अशांसाठी धावतात. त्यांतले बहुतेक आपल्या धर्माचे नसतील. शोमरोनीही यहुद्यांच्या धर्मपंथाचा नव्हता. तरी प्रभूने आदर्श म्हणून त्यालाच पुढे केले.

आपल्या ख्रिस्तसभेतही असे धावणारे होऊन गेले. संत जॉन ऑफ गॉड यांना एकेकाळी वेडा समजून ग्रानाडाच्या राजरुग्णालयात डांबले होते. पुढे त्याच रुग्णालयाला आग लागली, तेव्हा आत शिरून त्यांनी रुग्णांना बाहेर काढले, असे परंपरा सांगते. ज्या घरात आपण मार खाल्ला, त्याच घरातल्या माणसांसाठी ते आगीत गेले.

याचा अर्थ गणवेशातला प्रत्येक जण संत आहे, असा नाही. कोणी उद्धट असतो, कोणी हात पुढे करतो. योहान बाप्तिस्त्याने शिपायांना लुबाडू नका, पगारात समाधान माना, असे स्पष्ट बजावले होते. तेही आपण म्हणायला हवे. पण एकाच्या लाचेची गोष्ट आपण दहा जणांना सांगतो आणि दहा जणांच्या धावण्याची गोष्ट एकालाही सांगत नाही. हा न्याय नव्हे.

मग आपण काय करावे? पहिली गोष्ट अगदी साधी. वाट मोकळी ठेवा. रविवार असो, सण असो की लग्न, गल्लीत रुग्णवाहिका व बंब जाईल एवढी जागा राहू द्या. भोंगा ऐकू आला की बाजूला व्हा आणि त्या अनोळखी रुग्णासाठी मनात एक 'नमो मरिया' म्हणा. ११२, १०८, १०१ हे क्रमांक मुलांना शिकवा, आणि गंमत म्हणून ते कधी फिरवायचे नाहीत हेही शिकवा. अपघात दिसला तर मोबाईलवर चित्रण करत उभे राहू नका. पोलिसांच्या कटकटीची भीती आता धरू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदत करणाऱ्यांना संरक्षण दिले, आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यातही तशी तरतूद झाली. नाताळच्या रात्री आपण मिस्साला असतो, तेव्हा पोलीस बाहेर थंडीत उभे असतात. त्यांच्या हाती केकचा तुकडा आणि गरम चहा द्या.

दुसरी गोष्ट त्याहून सोपी, तरी आपण ती विसरतो. परत जा. आपला माणूस बरा झाला की ज्याने त्याला वेळेत पोहोचवले, त्याला जाऊन सांगा. माणूस गेला असेल तरीही जा आणि 'तुम्ही धावलात, आम्ही ते विसरलो नाही' एवढे सांगा.

संत लूकच्या शुभवर्तमानात आणखी एक शोमरोनी भेटतो. दहा कुष्ठरोगी बरे झाले, त्यांतला एकच आभार मानायला परत आला, आणि तो शोमरोनी होता. उरलेल्या नऊ जणांनी काही पाप केले नव्हते. याजकांकडे जा, असे प्रभूनेच सांगितले होते आणि ते तिकडेच निघाले होते. तरीही, बाकीचे नऊ कुठे आहेत, असे प्रभूने विचारले.

त्या पावसाळी सकाळी वाट अडवणारा मी होतो. निदान परत जाणाऱ्यांत तरी माझी गणना व्हावी, अशी माझी प्रार्थना आहे. आपल्यासाठी धावणाऱ्या या बंधू-भगिनींना आणि घरी त्यांची वाट पाहणाऱ्या त्यांच्या कुटुंबीयांना प्रभू सांभाळो, आणि आपल्या पावलांना परत वळण्याची बुद्धी देवो. आमेन.