सरावतो कोण?

नवी चिलीम ओढता ओढता सुधारते, हा समज अर्धाच खरा आहे. भिवंडी तालुक्यात वज्रेश्वरी-गणेशपुरीला येणाऱ्या बैराग्यांच्या हाती दिसते ती मातीची चिलीम म्हणजे दोन्हीकडून उघडी, सरळ नळी. आत खडा, खाली ओल्या फडक्याची छापी. तीत बिघडण्यासारखे थोडेच, आणि जे बिघडते ते कुंभाराकडेच. कच्ची भाजलेली चिलीम टिचकी मारली की बद्द वाजते. आतून वेडीवाकडी असली तर खडा नीट बसत नाही. मग तो एक तर धूर अडवतो, नाहीतर राख तोंडात येऊ देतो. केसाएवढी चीर विस्तवाने वाढतेच. वापराने यातले काहीच दुरुस्त होत नाही. सच्छिद्र माती ओल आणि चिकटा शोषते, मातकट वास जातो, एवढेच. नवा माग चालवून सुरळीत होतो, तसे हेही, असे कोणी म्हणेल. पण मुंबईच्या गिरण्यांचे जुने माग घेऊन ज्या भिवंडीत धंदा वाढला, तिथे वर्षानुवर्षे चाललेल्या मागाचे तरी कोणी शाफ्ट न तपासता पैसे मोजेल का?

ब्रायरच्या पाइपचा आक्षेप जास्त वजनदार आहे. भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी धरणाऱ्या गाठीतून तो कोरतात. लाकूडच ते, जळू शकते; म्हणून सुरुवातीला अर्धाच भरून, सावकाश ओढून आत काजळीचा पातळ थर धरू देतात. इथे सरावाने खरोखर काही घडते. मात्र धुराचे छिद्र तळाशी न पडता वर पडले असेल, तर तळाचा तंबाखू ओलाच राहतो, आणि काजळी ते छिद्र खाली सरकवत नाही. तरीही पुढे तोच पाइप बरा वाटू लागतो, कारण ओढणारा झुरके मंदावतो, कमी भरतो. पाइपपेक्षा तोच जास्त सरावलेला असतो. त्याचा घसाही जळायचा थांबतो. धुरातले डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड मात्र पहिल्या दिवशीइतकेच असतात.

आधी पारख की आधी सराव, हा वाद तंबाखूइतकाच जुना आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अकबराचा वकील असद बेग याने विजापूरहून आणलेला तंबाखू आणि नक्षीदार नळी बादशहापुढे ठेवली, तेव्हा दरबारी हकिमाने हरकत घेतली, की ही वस्तू आपल्या वैद्यांनी तपासलेली नाही. प्रत्येक रीत कधीतरी नवीच असते, असे असद बेगचे उत्तर होते. अकबराने ती सवय लावून घेतली नाही. सरदारांनी मात्र लगेच मागणी सुरू केली.