पाठपिशवीतले सावकार

पाठपिशवी भरण्याचे शास्त्र तसे सोपे आहे. पथारी तळाशी, कारण ती रात्रीपर्यंत लागत नाही. पाणी, शिधा अशी जड मंडळी मधल्या उंचीवर, पाठीला अगदी चिकटून. ती बाहेरच्या अंगाला ठेवली की पिशवी मागे ओढते आणि माणूस गडाला मुजरा करीत चालल्यासारखा वाकतो. रेनकोट सर्वांत वर, कारण सह्याद्रीतला पाऊस अर्ज देऊन येत नाही. आणि या सगळ्याला आतून एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी, कारण ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द दुकानाबाहेर फारसा टिकत नाही.

इथपर्यंत भांडण नाही. भांडण सुरू होते ते हलकेपणावरून. या पंथातले कडवे लोक अन्न, पाणी, इंधन सोडून बाकी सामान साडेचार किलोंच्या आत बसवतात. टूथब्रशचा दांडासुद्धा कापतात. कापोत बापडे! पण आमच्या गटात असे एक हलके गृहस्थ आहेत. चढणीवर ते फुलपाखरासारखे पुढे. राजगडाच्या पद्मावती माचीवर पोचलो की मात्र, “चाकू कुणाकडे आहे हो? जरा बॅटरी बघू. क्रेप बँडेज असेलच ना?” असतेच! आम्ही पडलो कॉमर्सवाले. एका खात्यात जमा पडले की दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात नावे पडतेच, एवढे आम्हाला कळते. यांच्या पाठीवरून उतरलेला किलो हवेत विरत नाही.

मग हलके चालणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर चालणे का? तसे म्हणावे तर अमेरिकेतल्या एमा गेटवूड आजी आडव्या येतात. 1955 साली, वयाच्या 67 व्या वर्षी, अकरा मुलांची ही आई ॲपलॅचियन ट्रेल हा 3,000 किलोमीटरांहून लांबीचा डोंगररस्ता एकटीने चालली. खांद्यावर घरी शिवलेली डेनिमची पिशवी, पायांत कॅनव्हासचे बूट. तंबू नाही, पावसाला न्हाणीघराचा पडदा. वाटेत अनोळखी लोकांनी जेवू घातले, निजायला जागा दिली. पण ती दार वाजवून विचारत होती, आणि नाही म्हटले तर पुढे चालायची तिची तयारी होती. आमचे गृहस्थ विचारत नाहीत, गृहीत धरतात. माझ्या मते सगळा फरक तिथे आहे.

अर्थात जड पिशवीवाले तरी कुठले संत? आमच्याकडे एक औषधपेटीवाले आहेत. चार आण्यांची पट्टी बोटाला लावतात आणि परतीच्या एस.टी.त स्वारगेटपर्यंत तिचे व्याज वसूल करतात. त्यांना भार वाहायचा नसतो, तारण हवे असते.

हल्ली आम्ही निघण्यापूर्वी दोर, पातेली, स्टोव्ह, पेटी असे सामायिक सामान सतरंजीवर मांडतो आणि काट्यावर तोलून सारखे वाटतो. हलक्या गृहस्थांनी परवा पातेले निमूटपणे उचलले. औषधपेटीवाले मात्र पेटी सोडायला तयार नाहीत. छातीशी धरून बसले आहेत.