दिवसाची शाळा

मुलासाठी शाळा निवडणं हे मुलीसाठी स्थळ बघण्यापेक्षा कठीण काम आहे, असं माझं मत होत चाललं आहे. स्थळाची निदान चौकशी करता येते. त्या गावात आपलं कुणीतरी असतंच, आणि पहिल्या चहाच्या कपातच ते सगळं सांगून मोकळं होतं. शाळेचं तसं नाही. शाळेची माहिती शाळाच देते, आणि स्वतःविषयी वाईट बोलणारी शाळा अजून निघायची आहे.

आमच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. सांगलीत माझ्या वडिलांनी माझी शाळा निवडली ती एकाच कसोटीवर: वाटेत मोठा रस्ता ओलांडावा लागत नाही ना? आमचे व्याही साताऱ्याचे. त्यांच्या वडिलांची कसोटी याहून सोपी. थोरला भाऊ ज्या शाळेत तीच धाकट्याची, कारण पुस्तकं घरातच मिळतात. दोघेही शिकलो, नोकऱ्या केल्या, पेन्शनीत निघालो. रस्ता आणि जुनी पुस्तकं यांच्या जोरावर दोन संसार उभे राहिले, ही गोष्ट आजच्या आईबापांना सांगितली तर ते कीव करतात. वडिलांची की आमची, ते कळत नाही.

आता आमचे चिरंजीव दुबईत आहेत, सूनबाई साताऱ्याच्या आणि नातू चार वर्षांचा. त्याला कुठल्या शाळेत घालायचं यावर गेले तीन महिने सांगली, सातारा आणि दुबई अशी त्रिपक्षीय बोलणी व्हिडिओ कॉलवर चालू आहेत. ज्याच्याविषयी ही बोलणी चालतात तो मागे सोफ्याखाली मोटार चालवत असतो. आंतरराष्ट्रीय वाटाघाटींची पद्धत अशीच असावी. ज्याच्या देशाची फाळणी व्हायची, तो नेहमी दुसऱ्या खोलीत.

पक्ष दोन आहेत. एक भारतीय शाळा. ती एप्रिलमध्ये सुरू होते, सीबीएसईचा अभ्यास, हिंदी शिकवतात, फी त्या मानाने आवाक्यातली, आणि उद्या परत यायची वेळ आली तर मुलगा इकडच्या वर्गात सरळ बसतो. दुसरी ब्रिटिश शाळा. ती उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर सुरू होते. पाचव्या वर्षी 'इयर वन', सोळाव्या वर्षी आयजीसीएसई, अठराव्या वर्षी ए लेव्हल, आणि फी अशी की आकडा ऐकून व्याह्यांनी विचारलं, "ही वर्षाची की जन्माची?" अरबी भाषा दोन्हीकडे सक्तीची. चिरंजीवांनी सगळ्याचा तक्ता करून पाठवला होता. त्यात पोहण्याच्या तलावाचा स्वतंत्र रकाना पाहून मी गप्प बसलो. कृष्णेच्या काठी वाढलेल्या माणसाच्या नातवाने पैसे भरून पोहायला शिकावं, हा नियतीचा विनोद आहे. त्यात आपण भर घालू नये.

'ब्रिटिश' या शब्दाने मात्र मी बिचकत नाही. आम्हा सांगलीकरांना त्याची सवय आहे. कृष्णेवरचा आमचा आयर्विन पूल १९२९ साली खुला झाला. पूल संस्थानाने बांधला, नाव व्हाइसरॉयचं. १९१९ साली सुरू झालेलं आमचं विलिंग्डन कॉलेज. चालवणारी डेक्कन एज्युकेशन सोसायटी, नाव गव्हर्नरांचं. दुबईत वेगळं काय आहे? तिथे अनेक ब्रिटिश शाळा चालवणारा 'जेम्स' हा मोठा समूह केरळातून १९५९ साली तिकडे गेलेल्या वर्की नावाच्या शिक्षक दांपत्याच्या मुलाने उभा केला. म्हणजे शाळा अरबस्तानात, अभ्यास विलायतेचा, मालक मल्याळी, आणि बाकावर आमचं सांगली-साताऱ्याचं पोर. याला आंतरराष्ट्रीय म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

व्याह्यांचं म्हणणं निराळं. "अहो व्याहीबुवा," ते म्हणाले, "ब्रिटिश शाळेसाठी लोक आमच्या जिल्ह्यात यायचे. आता आमची माणसं त्यासाठी दुबईला पैसे भरणार!" हे खरंच आहे. पाचगणीला इंग्रजांनी आपल्या मुलांसाठी शाळा काढल्या, आणि इंग्रज गेले तरी त्या राहिल्या. झांझिबारमध्ये सरकारी नोकरी करणाऱ्या एका पारशी गृहस्थांनी आपला आठ वर्षांचा मुलगा, फारोख बलसारा, तिथल्या सेंट पीटर्स शाळेत पाठवला. साल १९५५ च्या आसपासचं. शाळेत तो पियानो शिकला, मित्रांचा वाद्यवृंद काढला, आणि पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगभर गाजला.

ही कथा सांगून व्याह्यांनी विजयी मुद्रेने विचारलं, "बघा, शाळेने काय केलं ते!"

मला तिथेच अडखळायला झालं. शाळेने केलं, हे ठरवायचं कसं? झांझिबारलाच आईजवळ राहिलेला फारोख कुणी पाहिलेला नाही. तो कदाचित कारकून झाला असता आणि सुखी असता. कदाचित त्याहून मोठा गवई झाला असता. त्याची साक्ष काढायची तर तो माणूसच अस्तित्वात नाही. जो आहे तो पाचगणीला गेलेला आहे.

सगळं त्रांगडं इथे आहे. आपण म्हणतो, 'मुलाच्या भल्यासाठी' शाळा निवडू. पण मुलाचं भलं झालं की नाही, हे सांगणार कोण? तर तोच मुलगा, वीस वर्षांनी. आणि त्या वीस वर्षांत त्याच्या आवडीनिवडी, भाषा, कशाला चांगलं म्हणायचं याची समज, सगळं त्या शाळेनेच घडवलेलं असणार. आरोपीनेच न्यायाधीशाला लहानाचा मोठा करावा, आणि मग त्याच्यापुढे खटला चालावा, असला हा प्रकार. निकाल 'निर्दोष' लागतो यात नवल नाही. माझ्या पिढीतले लोक मास्तरांच्या छडीविषयीसुद्धा डोळ्यांत पाणी आणून बोलतात. छडीने ते घडले की छडी असूनही घडले, हा तपास कुणी केला नाही.

तेव्हा 'पुढे मुलगा आपले आभार मानील' हा मुद्दा माझ्यापुरता मी बाद केला. ब्रिटिश शाळेतला नातू ब्रिटिश शाळेचे आभार मानील, भारतीय शाळेतला भारतीय शाळेचे. आणि दोघे भेटले, तर एकमेकांची कीव करतील.

मग निवडायचं कशाच्या आधारावर? मला आमच्याच जिल्ह्यातली माणसं आठवली. खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली मंडळी. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यात ही कुटुंबं पिढ्यान् पिढ्या देशभर पांगली आहेत. विट्याकडचं पोर केरळात मल्याळी शाळेत जातं, तामिळनाडूत तमिळ शिकतं, आणि गावच्या जत्रेला आलं की देवळाच्या पायरीवर बसून खास माणदेशी मराठीत भांडतं. त्याच्या शाळेला कुणी आंतरराष्ट्रीय म्हटलं नाही, तक्ता केला नाही. शाळा होती ती जागेवरची. मराठी आली ती शाळेतून आली नाही. ती रात्री जेवताना ताटाबरोबर आली.

याहून मोठा दाखला साताऱ्यातच आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी राजवाड्यातल्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, इंग्रजी पहिलीत एका मुलाचं नाव नोंदवलं गेलं: भिवा रामजी आंबेडकर. त्या शाळेत त्याला काय सोसावं लागलं, ते सर्वांना ठाऊक आहे. ते ठाऊक असूनही रामजी सुभेदारांनी मुलाला इंग्रजी शाळेत घातलं. त्या दारातून गेल्याखेरीज पुढची दारं उघडणार नव्हती. पण घरी ते मुलांकडून संतांचे अभंग आणि कबीराचे दोहे म्हणवून घेत. दिवस त्यांनी शाळेला दिला, संध्याकाळ दिली नाही.

माझ्या मते या बाबतीतला नैतिक प्रश्न असलाच तर तो एवढाच आहे. कुठली शाळा, हा प्रश्न पैशाचा, नोकरीचा, परत यायचं की नाही याचा. तो आईबापांनी हिशेब करून सोडवावा, आणि हिशेब आपल्या सोयीचा असेल तर तसं म्हणावं. सगळा भार 'मुलाच्या भल्या'वर टाकू नये, त्या बिचाऱ्याला चार वर्षांचा खांदा आहे. पण ही शाळा दिवसाची आहे. पाचगणीच्या त्या पोराला संध्याकाळी घर नव्हतं, ते समुद्रापलीकडे होतं. आमचा नातू दुपारी बसने घरी येणार. तिथून झोपेपर्यंतचा वेळ कुठल्याही बोर्डाच्या अभ्यासक्रमात नाही. त्या वेळात घरात कुठली भाषा असेल, कुणाच्या गोष्टी असतील, की नुसता टॅब असेल, याला कुणी शेरा देत नाही, आणि फीही घेत नाही. फुकट असल्यामुळेच की काय, चिरंजीवांच्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

हे सगळं मी त्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, तुमचं पटतं. पण आम्ही दोघंही सातला घरी येतो."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते हिच्याकडे होतं. हिला इंग्रजी येत नाही. उद्या नातवाला मराठी आली नाही, तर जन्मभर साठवलेल्या गोष्टी तिच्यापाशीच राहणार, आणि दोघांचं नातं 'हाय' आणि 'बाय' या दोन शब्दांत आटोपणार, हे तिला आमच्या तिन्ही शहरांच्या आधी कळलं होतं. तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि सांगितलं, "शाळा तुम्ही ठरवा. मला रोज अर्धा तास हवा."

शाळा ब्रिटिश ठरली. दुबईचं घड्याळ आपल्या मागे दीड तास. तिकडे सहा वाजतात तेव्हा सांगलीत साडेसात, म्हणजे ऐन मालिकांची वेळ. गेला महिनाभर आमचा टीव्ही त्या वेळी बंद असतो आणि स्वयंपाकघरातून म्हातारी आणि भोपळा यांचा आवाज येत असतो. काल नातवाने मध्येच विचारलं, "आजी, वाघाला भोपळा का नाही उघडता येत?" प्रश्न अस्सल मराठीत होता. उत्तर तिला आलं नाही. तिने ते मला विचारलं, मी व्याह्यांना फोन लावला, आणि आता त्यावर त्रिपक्षीय बोलणी चालू आहेत.